विलापिका: समजुतीच्या आधीचा शोक

(शिरूर आणि दौंड इथे दिलेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

श्रोतेहो, आजचा विषय विलापिका. इंग्रजीत जिला ‘एलेजी’ म्हणतात, तिच्यासाठी मराठीत हा शब्द रुळला. पाठ्यपुस्तकातली व्याख्या सोपी आहे: कुणाच्या तरी मृत्यूवर लिहिलेली शोककविता. पण या व्याख्येनं फारसं काही हाती लागत नाही. चौकातला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्ससुद्धा तिच्यात बसवता येईल. म्हणून आपण पुस्तकाऐवजी घाटापासून सुरुवात करू.

शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. या पट्ट्यात दशक्रियेचा विधी कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी लवकर नदीकाठी माणसं जमतात, महाराजांचं प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहिली जाते, आणि मग एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं. आत्मा अमर आहे, देह म्हणजे जुनं वस्त्र, असं महाराज सांगतात. घरच्यांना हे दुःख पेलण्याचं बळ मिळो, असं पुढारी सांगतात. आणि जिचा माणूस गेला ती बायकांच्या घोळक्यात, पदर तोंडाशी धरून बसलेली असते. तिच्या हातात माईक कुणी देत नाही. या गर्दीची आम्हाला टिंगल करायची नाही. कामधंदा सोडून माणसं येतात, त्याचा घरच्यांना खरोखर आधार होतो. पण तिथे बोलणारा जो तो समजूत घालायला आलेला असतो. विलापिका उभी राहते ती त्या समजुतीच्या आधीच्या जागेवर. पुष्कळदा तर ती समजुतीशी भांडत असते. आजच्या बोलण्यातला आमचा मुद्दा एवढाच.

हे भांडण जुनं आहे. संस्कृत काव्यशास्त्रानं विप्रलंभ शृंगार आणि करुण हे दोन वेगळे ठेवले. विरहात पुन्हा भेटीची आशा असते, करुणात ती संपलेली असते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तला आठवा सर्ग बघा. नारदांच्या वीणेवरची फुलांची माळ अंगावर पडते आणि इंदुमती जागच्या जागी मरते. अज राजा विलाप करतो. वसिष्ठ स्वतः यज्ञात अडकलेले, म्हणून ते शिष्याकरवी उपदेश पाठवतात. उपदेशात खोट काहीच नाही, पण तो अजाच्या मनात शिरत नाही. मुलगा लहान आहे म्हणून राजा आठ वर्षं कशीबशी काढतो आणि मग देह ठेवतो. म्हणजे गुरूची समजूत वाया गेली, हे कालिदासानं सरळ नोंदवलं आहे. आमच्या मते त्या सर्गाचं मोठेपण विलापाच्या श्लोकांत जितकं आहे तितकंच या नोंदीतही आहे.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर ‘समाधी’ प्रकरणाचे अभंग आहेत, त्यांत तो प्रसंग येतो. इथली अडचण लक्षात घ्या. संप्रदायाच्या दृष्टीनं हा मृत्यूच नाही. ज्ञानदेव गेलेले नाहीत, ते समाधीत बसले आहेत. मग रडायचं कशाला? पण त्या अभंगांत सगळे रडतात. निवृत्तिनाथ तर थोरले भाऊ आणि गुरू दोन्ही. ज्यानं इतरांना सावरायचं तोच सावरत नाही. तत्त्वज्ञान सगळ्यांना पाठ आहे, तरी ते त्या घटकेला कामाला येत नाही, आणि अभंगांनी हे झाकलेलं नाही. पुढे सोपानदेव सासवडला, मग मुक्ताबाई, शेवटी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, असं एकेक भावंड जातं. वारकरी आजही हे प्रकरण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. ज्ञानदेव आहेत हेही तो मानतो आणि गेले म्हणून रडतोही. त्याला यात विसंगती वाटत नाही, आणि खरं म्हणजे ती नाहीच.

एक गोष्ट जाता जाता. मराठी माणूस ‘मेला’ हा शब्द जवळच्या माणसासाठी वापरत नाही. शिवी द्यायला वापरतो. आपलं माणूस ‘वारतं’, ‘जातं’, ‘देवाघरी जातं’. बांगडी फुटली की ती ‘वाढवली’ म्हणायचं. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांकडे आली तीसुद्धा सावकारी पत्रातून, गळालेल्या मोत्यांच्या आणि गमावलेल्या मोहरांच्या भाषेत, असं सांगतात. आपली विलापिका या चुकवाचुकवीतूनच उभी राहते. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेचं शीर्षकच बघा. मांडीवर निपचित पडलेलं मूल, आणि ते झोपलंय असं धरून बसलेली आई. आजूबाजूच्यांना खरं माहीत आहे, वाचणाऱ्यालाही माहीत आहे. फक्त तिला ते ऐकायचं नाही. कविता तिला ‘शहाणी हो’ म्हणत नाही. इंदिरा संतांचं उदाहरण याच्याही पुढचं. पती ना. मा. संत १९४६ साली गेले. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ हे संग्रह त्यानंतरचे. त्यांतल्या कित्येक कविता नुसत्या विरहाच्या म्हणून वाचता येतात. परत भेट नाही हे कवितेत उच्चारलेलंच नसतं. मघाशी सांगितलेली शास्त्रातली ती भिंत इथे राहत नाही.

मघाची ती घोळक्यातली बाई आठवते ना? तिला माईक नव्हता, पण जातं होतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि शिरूर तालुक्यातल्या बायकांनी गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. आईच्या मरणाच्या ओव्या ऐका म्हणजे कळेल की शोक किती नेमका असतो. आई गेली म्हणजे माहेर गेलं. घर तेच, भाऊ तोच, पण दारात वाट बघणारं कुणी नाही, आणि भावजयीच्या राज्यात चार दिवस मागून घ्यावे लागतात. म्हणजे एका मरणात माणूस जातो आणि त्याबरोबर एक हक्कही जातो. दुसरा प्रकार अहेव मरणाचा. नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू असताना आपण जावं, असं गाणारी बाई स्वतःचीच अंत्ययात्रा डोळ्यांपुढे आणते. वरवर बघता ही धार्मिक इच्छा. पण विधवेच्या वाट्याला काय येतं हे जिनं पाहिलंय तीच मरणाचा हा क्रम मागणार. शोकगीतात समाजाचा हिशेब कसा दडलेला असतो, ते इथे दिसतं. आता गावोगावी पिठाच्या गिरण्या झाल्या, बायकांचे खांदे सुटले हे चांगलंच झालं. मात्र पहाटेची ती एकांत बोलायची जागाही त्याबरोबर गेली.

दौंडच्या श्रोत्यांना शेवटचं उदाहरण घरचंच वाटेल. तुमच्या तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी विलापिका लिहिली म्हणून आम्ही त्यांचं नाव घेत नाही. पण १९०७ साली छापलेल्या त्यांच्या ‘साक्षी’तली दुष्काळाची पानं आम्हाला या परंपरेत ठेवावीशी वाटतात. तीर्थयात्रा करत फिरणारं विद्वान कुटुंब अन्नाला महाग झालं. म्हातारपणी दृष्टी गेलेले अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले, एकेकाचा निरोप घेऊ लागले, धाकट्या लेकीला जवळ घट्ट धरून चार शब्द सांगितले. मुलानं मजुरी करायची तयारी दाखवली तेव्हा तो बेत राहिला, पण थोड्याच दिवसांत ते गेले. मग आई, मग बहीण. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास, आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच, १८८२ मध्ये, पती.

हे पुस्तक श्रद्धेची साक्ष देण्यासाठी लिहिलेलं आहे. देवानं मला कसं सावरलं, हे सांगणं हाच त्याचा हेतू, म्हणजे समजूत त्यात आधीच ठरलेली. तरी वडिलांच्या मरणाकडे येताना लेखणी घाई करत नाही. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला जवळ घेतलं, हे तीस-बत्तीस वर्षांनंतर त्या एकेक करून मांडतात. कुठेही मोठा शब्द नाही. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा गोळा करायला त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा समोरच्या चेहऱ्यांत त्यांना कोण दिसत असेल, हे ती पानं वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये गेली. आईच्या मागे केडगावचं काम तिनं बघायचं, असं ठरलेलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या.