दंडावरचा व्रण आणि मूत्राशयाचा कर्करोग

मावळ तालुक्यात तळेगाव–चाकण रस्त्यालगत, इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव आहे. सरसेनापती दाभाडे यांच्या गढीमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. गावच्या शाळेत पटावरील मुलांचे डावे दंड पाहिले, तर बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा गोल व्रण आढळेल. तो क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लशीचा होय, हे शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना सांगावयास नको. परंतु हेच बीसीजीचे जंतू गेली जवळजवळ पन्नास वर्षे एका सर्वस्वी निराळ्या रोगावर, म्हणजे मूत्राशयाच्या कर्करोगावर, वापरण्यात येत आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या औषधाचे एक महत्त्वाचे उत्पादन केंद्र आपल्याच जिल्ह्यात, हडपसर येथे आहे.

हा रोग आपल्याकडे तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाइतका आढळत नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. २०२२ या वर्षी जगभरात त्याचे सुमारे सहा लाख नवे रुग्ण आढळले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, आणि बहुधा पन्नाशीनंतर, तो होतो. तंबाखूचे धूम्रपान, मग ते सिगारेटचे असो वा विडीचे, हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. धुरातील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाची काळजी सर्वांना वाटते. मूत्राशयाचा विचार कोणी करीत नाही. दुसरे कारण कारखान्यांतील काही रसायने. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग प्रथम दाखवून दिला. त्यास कारण असणारी बेंझिडिनसारखी द्रव्ये पुढे ओळखण्यात आली.

रोगाचे पहिले लक्षण बहुधा एकच असते : लघवीतून रक्त जाणे, आणि तेही वेदना न होता. घोटाळा होतो तो येथेच. आपल्याकडे लघवीची कोणतीही तक्रार म्हणजे ‘उन्हाळी लागली’ असे समजण्याचा प्रघात आहे. धन्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा हे उपाय सुरू होतात. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि उपायाला गुण आला असे सर्वांना वाटते. वस्तुतः या रोगातील रक्तस्राव मधूनमधून थांबतोच. प्रस्तुत लेखकाच्या एका निकटच्या नातलगाने याच समजुतीने सात महिने घालविले. उन्हाळीत जळजळ होते. जळजळीवाचून रक्त येणे हे अधिक काळजीचे लक्षण आहे, एवढा फरक घरोघरी माहीत झाला तरी पुष्कळ काम होईल.

सात महिन्यांनी एवढे काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर मूत्राशयाच्या रचनेत आहे. मूत्राशयाला आतून एक पातळ अस्तर असते, त्याखाली एक विरळ थर आणि त्याखाली जाड स्नायू. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत गाठ स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. अशी गाठ दुर्बिणीच्या साहाय्याने आतूनच खरवडून काढता येते आणि मूत्राशय वाचते. गाठ स्नायूत शिरली, की बहुतेकदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते किंवा किरणोपचार व औषधे यांची जोड द्यावी लागते. एवढे करूनही रोग शरीरात अन्यत्र पसरण्याची भीती राहतेच.

साध्यासाध्यतेचा विचार

जुने वैद्य रोग ओळखल्यावर तो साध्य की असाध्य याचा विचार करीत. आधुनिक वैद्यकही तेच करते. फक्त त्यासाठी ते मोजता येण्याजोग्या खुणा शोधते. या खुणांस जैवसूचक म्हणतात. मूत्राशयाच्या कर्करोगात त्यांचे महत्त्व विशेष आहे, कारण गाठ काढल्यावरही ती पुन्हा होण्याची खोड या रोगाला आहे. २००६ मध्ये युरोपीय संशोधकांनी २,५९६ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून एक गुणतक्ता तयार केला. गाठी किती, केवढ्या, पूर्वी झाल्या होत्या काय, किती खोल आणि किती उग्र, एवढ्या साध्या माहितीवरून त्यांना असे दिसले, की एका वर्षात रोग उलटण्याची शक्यता कोणात शेकडा १५, तर कोणात शेकडा ६१ असते. स्नायूपर्यंत पोहोचण्याची पाच वर्षांतील शक्यता तर काहींत शेकडा एकाहून कमी आणि काहींत ४५ इतकी भिन्न आढळली. एकाच नावाचा रोग, पण दोन रुग्णांचे भवितव्य इतके निराळे!

हा फरक का पडतो, हे पेशींतील जनुके सांगतात. एफजीएफआर-३ या जनुकात बदल झालेल्या वरवरच्या गाठी वारंवार होतात, पण सहसा खोल जात नाहीत. टीपी-५३ आणि आरबी-१ ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुके बिघडली, की रोग उग्र रूप धारण करतो. पुष्कळ गाठींत टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल असतो व तो लघवीत सापडलेल्या पेशींतही ओळखता येतो. तथापि लघवीच्या अशा चाचण्यांनी अद्याप दुर्बिणीच्या तपासणीची जागा घेतलेली नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे इष्ट. काही खुणा केवळ रोग कसा वागेल ते सांगतात. काही खुणा कोणते औषध लागू पडेल ते सांगतात. एफजीएफआर-३ दोन्ही कामे करते : त्या बिघाडावर नेमका आघात करणारे एर्डाफिटिनिब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये पसरलेल्या रोगासाठी संमत झाले. याउलट पीडी-एल-१ नावाच्या खुणेवर मोठी भिस्त ठेवण्यात आली होती, ती पुरतेपणी खरी ठरली नाही. संशोधनात असे अपेक्षाभंग होतच असतात. अलीकडे शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे सूक्ष्म अंश राहिले आहेत काय, हे पाहून पुढील औषध द्यावे की नाही ते ठरविण्याचा मार्ग पुढे आला असून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यास यश मिळाले. मूत्राशय काढल्यानंतर ओटीपोटावर किरणोपचार दिल्यास त्या भागात रोग उलटण्याचे प्रमाण घटते काय, या प्रश्नावरील महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने झाली आहे.

जंतूकडून जंतूचे नव्हे, गाठीचे निवारण

आता पुन्हा बीसीजीकडे वळू. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे, २३० वेळा संवर्धन करून, गाईंच्या क्षयाचा जंतू निरुपद्रवी बनविला. १९२९ मध्ये रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनांच्या नोंदींत क्षयरुग्णांमध्ये कर्करोग कमी आढळला आणि या दोन रोगांच्या संबंधाविषयी कुतूहल निर्माण झाले. १९७६ मध्ये कॅनडात डॉ. आल्व्हारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा, याप्रमाणे सहा वेळा, ही तेव्हाची पद्धत आजही कायम आहे. बारीक नळीने औषध आत सोडतात व रुग्णाने ते सुमारे दोन तास धरून ठेवावयाचे असते. जंतू अस्तराला चिकटतात, शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून येतात आणि जंतूंबरोबर कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. जळजळ, वारंवार लघवी, किंचित ताप हे त्रास होतात. जोराचा ताप आल्यास मात्र लगेच डॉक्टरांना कळविले पाहिजे, कारण क्वचित या जंतूंचाच संसर्ग होऊन क्षयावरील औषधे द्यावी लागतात. ज्यांचा धोका अधिक, त्यांना पुढे तीन वर्षांपर्यंत ठराविक अंतराने हे औषध देण्यात येते. गुणतक्त्याचा उपयोग येथे प्रत्यक्ष होतो.

इतके स्वस्त औषध दुर्मीळ व्हावे, हे आश्चर्यच. परंतु हा जंतू फार सावकाश वाढतो, एक खेप तयार होण्यास महिने लागतात आणि उत्पादक मोजकेच आहेत. २०१२ मध्ये टोरोंटो येथील एका मोठ्या उत्पादकाचे काम बंद पडले. पुढे त्याने हे औषध करणेच सोडले. अमेरिकेसारख्या देशात रुग्णांना मात्रा कमी करून देण्याची पाळी आली. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या काळात दोन प्रकारे पुढे आली. मूत्राशयासाठीचे बीसीजी ती तयार करतेच. शिवाय बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत जनुकीय बदल करून सिद्ध झालेला सुधारित बीसीजी जंतूही तिने हाती घेतला. जुन्या बीसीजीने गुण न आलेल्या रुग्णांवर स्वित्झर्लंडच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत सुमारे निम्म्या रुग्णांचे मूत्राशय ६० आठवड्यांपर्यंत रोगमुक्त राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टंचाईमुळे हा सुधारित जंतू तेथील रुग्णांना विशेष कार्यक्रमाखाली देण्यास अनुमती दिली.

इंदुरीच्या रुग्णापुढे प्रश्न वेगळा आहे. औषध जिल्ह्यात तयार होते. तेथवर वेळेत पोहोचणे त्याच्या हाती आहे. लघवीची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तीत रक्त आढळल्यास सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी यांसाठी पुण्यास, ससून रुग्णालयासारख्या ठिकाणी, जावे लागते. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. कोणता उपचार तीत बसतो, हे योजनेतील रुग्णालयाचे आरोग्यमित्र सांगतात. जाताना शिधापत्रिका, आधारपत्र आणि यापूर्वीच्या तपासण्यांचे सर्व कागद बरोबर ठेवावेत. गाठ काढली असल्यास तिचा सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल कधीही हरवू देऊ नये. गाठ स्नायूत शिरली होती की नाही, हे त्याच एका कागदावर लिहिलेले असते.