परदेशी विद्यार्थी : जागा वाढल्या, निवाऱ्याचे काय?

भारत हे जगातील विद्यार्थ्यांचे आवडते शिक्षणस्थान व्हावे, अशी आकांक्षा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यक्त झाली आहे. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी व साह्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असेही त्यात म्हटले आहे. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मंजूर प्रवेशसंख्येच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा अशा विद्यार्थ्यांसाठी निर्माण करण्याची मुभा दिली. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात त्यामुळे आणखी पंधरा जागा निर्माण होऊ शकतात. स्थानिक विद्यार्थ्याची एकही जागा त्यात जात नाही, हा या योजनेचा गुण होय. परंतु वर्गातील जागा परिपत्रकाने वाढतात. वसतिगृहातील खाटा वाढत नाहीत. या साध्या भेदाकडे धोरणाचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रथम आकडे पाहावेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते ४६,८७८ झाले. मधल्या काळात महामारी होती, हे खरे. तथापि त्या वर्षी देशातील उच्च शिक्षणाची एकूण पटसंख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. म्हणजे दर हजारी परदेशी विद्यार्थी सरासरी एकच. त्यातही सुमारे २८ टक्के विद्यार्थी नेपाळचे. उलटपक्षी, परदेशात शिकणाऱ्या भारतीयांची संख्या २०२४ मध्ये तेरा लाखांवर गेली होती. आयात-निर्यातीच्या भाषेत बोलायचे तर शिक्षणाच्या व्यापारात आपला ताळेबंद फार तुटीचा आहे.

ही तूट केवळ शिक्षणाच्या दर्जामुळे आहे, असे मानणे अपुरे ठरेल. दूरदेशीचा विद्यार्थी विद्यापीठ निवडतो तेव्हा त्याच्यापाशी फारच थोडी माहिती असते. माहितीपत्रकावर त्याचा विश्वास नसतो. आधी जाऊन आलेल्या गाववाल्याच्या शब्दावर असतो. एका विद्यार्थ्याला आलेला वाईट अनुभव म्हणूनच पुढच्या दहा जणांची वाट अडवितो, आणि चांगला अनुभव कोणतीही जाहिरात न करता दहा जण आणतो. साह्याची व्यवस्था ही दयाबुद्धीची बाब नसून गुंतवणूक आहे, ती या अर्थाने.

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव नाही, असे नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे तेथील वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी खिडकीतून एका विद्यार्थ्याला अन्न देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, तो विद्यार्थी मॉरिशसचा असून काविळीने आजारी आहे आणि पथ्याचे अन्न मिळण्याची दुसरी सोय नाही. या घटनेतून परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र काढण्याचा विचार पुढे आला व १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ची स्थापना झाली. आज ती संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिचा आरंभ मात्र अभ्यासक्रमातून नव्हे, तर आजारी मुलाच्या जेवणाच्या प्रश्नातून झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याही पूर्वीचे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या घरचेच आहे. कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. परक्या देशात त्यांना पहिला आधार मिळाला तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या घरचा. पत्रव्यवहारातून जुळलेल्या ओळखीवर या बाईंनी एका हिंदू तरुणीस आपल्या घरी ठेवून घेतले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढल्याच वर्षी क्षयाने वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली, ती बाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथील थंडी आणि अन्नाची आबाळ यांनी आनंदीबाईंची प्रकृती ढासळली होती, हे विसरता येत नाही. एका कुटुंबाची माया मोठी असली तरी ती संस्थेच्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

आज बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र आहे व तेथे विधी शाखेचे शिक्षण दिले जाते. आफ्रिकेतील किंवा पश्चिम आशियातील एखादा विद्यार्थी उद्या तेथे प्रवेश घेऊन आला, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल? ठराविक मुदतीत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागेल. नोंदणीसाठी राहण्याचा पत्ता हवा. पत्त्यासाठी भाडेकरार हवा. करारासाठी अनामत रक्कम व स्थानिक ओळख हवी. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या. घरे नाहीत असे नाही. परंतु घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळविण्याची जबाबदारी नको असते आणि सोसायटीच्या समितीला अनोळखी चेहरा नको असतो. विद्यार्थी-व्हिसावर नोकरी करता येत नसल्याने शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की उधारीवाचून मार्ग उरत नाही.

नकाराची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना राहावयास जागा मिळाली. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आल्यावर मात्र ती मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तोही त्यांना सोडावा लागला. आपल्याच माणसास ज्या समाजाने खोली नाकारली, त्याने परक्यास ती आपणहून द्यावी, ही अपेक्षा भाबडी होय. म्हणूनच हा प्रश्न घरमालकांच्या सद्‌भावनेवर सोडून चालणार नाही.

संकटकाळी तर व्यवस्थेचा खरा कस लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांपुढे एकाच वेळी पैशाचा, व्हिसाचा व परतीचा प्रश्न उभा राहिला. जे मायदेशी गेले होते त्यांचे पूर्वी दिलेले व्हिसा भारत सरकारने त्याच महिन्यात रद्द ठरविले. त्यांना वर्गात परतणे अशक्य झाले. असे निर्णय विद्यापीठाच्या हातचे नसतात. परंतु शुल्काला मुदत देणे, परीक्षेची पर्यायी सोय करणे, सरकारदरबारी त्यांची बाजू मांडणे हे निश्चितच विद्यापीठाच्या हाती असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या आपल्याच मुलामुलींना वसतिगृह मिळत नाही. मग परदेशी विद्यार्थ्यांचे कोडकौतुक कशासाठी? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. परदेशी विद्यार्थ्यासाठी वातानुकूलित, वेगळी इमारत बांधली तर हा आक्षेप टिकेल. पण त्याच्याकडून येणाऱ्या जादा शुल्काचा ठराविक हिस्सा सर्वांच्या सामाईक वसतिगृहासाठी राखून ठेवला, तर मुरबाडचा आणि मोम्बासाचा विद्यार्थी एकाच छताखाली राहील. दोघांच्याही शिक्षणाला त्याचा उपयोग होईल. वेगळ्या इमारतीत ठेवलेला परदेशी विद्यार्थी भारतात येऊनही भारताबाहेरच राहतो.

करावयाच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. उपकेंद्रात नोंदणी, बँक खाते व आरोग्यविमा यांची कामे उरकून देणारी एक खिडकी असावी आणि तेथे सुटीच्या दिवशीही फोन उचलणारा जबाबदार माणूस असावा. भाडेकरारास विद्यापीठाने स्वतः हमी द्यावी. अनामत रकमेची जोखीम त्याने पत्करली तर घरमालकाची अर्धी भीती जाईल. शिष्यवृत्ती लांबल्यास आगाऊ रक्कम देणारा छोटा निधी असावा. बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात बोलता येईल एवढी मराठी पहिल्या तीन महिन्यांत शिकविली जावी. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर वेषभूषेसाठी उभे करण्यापेक्षा ठाण्या-डोंबिवलीतील चार शिक्षक-कारकुनांच्या घरी जेवावयास बोलाविणे अधिक उपयोगी. वर्षाकाठी एकदा होणारा सांस्कृतिक दिन म्हणजे साह्य नव्हे.

अधिसंख्य जागा जाहीर करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाने आपल्यापाशी खाटा किती, हमीचा निधी किती व माणसे किती, हे जाहीर करावे, असा दंडक आयोगाने घालून द्यावयास हवा. ज्याला पाहुण्याची सोय करता येत नाही त्याने निमंत्रण धाडू नये, हा कोणत्याही मराठी घराचा रिवाज आहे. विद्यापीठांनाही तो लागू व्हावा, एवढीच अपेक्षा.