झाकण पडलं, पण झोपला कुठे?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडी फेज टू. बाहेर धो धो पाऊस, खाली पार्किंगमध्ये दोस्तमंडळी बाईकचे हॉर्न वाजवतायत आणि तुम्ही शेवटची ओळ टाईप करताय. झालं एकदाचं! लॅपटॉपचं झाकण खटकन बंद, सॅकमध्ये कोंबला, चेन ओढली आणि धूम... ओळखीचं वाटतंय ना? मग पुढचं ऐका.

गेल्या पावसाळ्यात माझं अगदी असंच झालं. माण, घोटावडे करत पौडला पोचलो, चहा-भजीचा हॉल्ट घेतला आणि मग मुळशी धरणाकाठच्या मुक्कामाला. भिजलेल्या अंगाला पाठीमागून छान ऊब लागत होती, त्याचं मला वाटेत चक्क कौतुक वाटलं! सॅक उघडली तेव्हा कळलं, ती ऊब लॅपटॉपची होती. तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी शून्य. चार्जर ऑफिसच्या टेबलावर. सेव्ह न केलेलं तीन तासांचं काम गुल, आणि ते शनिवारी सकाळी दहाच्या आत पाठवायचं होतं.

मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि तिथली वीज मुंबईला जाते. त्याच पाण्याच्या काठावर मी एका चार्जरसाठी दारोदार फिरत होतो. शेवटी मित्राच्या लॅपटॉपवर रात्री दोनपर्यंत सगळं पुन्हा लिहिलं. बाकीच्यांच्या अंताक्षरीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. पण ‘लिनक्स म्हणजे असंच’ म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. नेमकं कुठे बिघडलं ते शोधता येतं, आणि त्यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही.

झाकण फक्त निरोप देतं

आपला समज असा, की झाकण म्हणजे दिव्याचं बटण. प्रत्यक्षात बहुतेक लॅपटॉपमध्ये एक छोटं चुंबक आणि सेन्सर असतो. झाकण मिटलं की तो सिस्टिमला निरोप देतो. आता काय करायचं, हे आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘लॉगइन-डी’ नावाचा भाग ठरवतो. त्याच्या ‘लॉगइन-डी डॉट कॉन्फ’ या फाईलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ अशी ओळ असते. तिथे ‘सस्पेंड’ असेल तर झोप, ‘इग्नोअर’ असेल तर दुर्लक्ष.

यात एक गंमत आहे. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर झाकण बंद करूनही लॅपटॉप जागाच राहतो. हा बिघाड नाही, सोय आहे. मोठ्या स्क्रीनवर काम करताना तो झोपून कसं चालेल? पण संध्याकाळी घाईत केबल उपटून तो तसाच सॅकमध्ये टाकला, की घोळ होऊ शकतो. केबल काढल्यावर तो झोपायला हवा, पण झोपलाच असेल असं गृहीत धरू नका. त्यातून एखादं ॲप ‘आत्ता झोपू नको’ म्हणून अडून बसलेलं असू शकतं. ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ ही कमांड ‘लिस्ट’ पर्यायासह चालवलीत की त्या अडवणाऱ्यांची यादी समोर येते.

डुलकी की गाढ झोप?

झोपही दोन प्रकारची. जुनी पद्धत एस-थ्री. त्यात मेमरी तेवढी जागी राहते, बाकी जवळपास सगळं बंद. लिनक्स तिला ‘डीप’ म्हणतं. नवी पद्धत ‘एस-टू-आयडल’. यात यंत्र पूर्ण बंद होत नाही, प्रत्येक भागाने आपापली वीज कमी करायची असते. वायफाय कार्ड किंवा डिस्क यांपैकी एकानेही ऐकलं नाही, की बॅटरी गळायला लागते.

तुमच्याकडे कोणती झोप आहे ते ‘सिस’, त्यात ‘पॉवर’, त्यात ‘मेम-स्लीप’ या फाईलमध्ये दिसतं. चौकटी कंसात जे नाव, ती चालू पद्धत. यादीत ‘डीप’ असेल तर बूटच्या पर्यायांमधून ती निवडता येते. नसेल तर बायॉसमध्ये डोकवा. लेनोव्होच्या २०१८ च्या एक्स-वन कार्बनमध्ये सुरुवातीला एस-थ्री नव्हतंच. पुढे बायॉस अपडेटमधून ‘लिनक्स’ नावाचा पर्याय आला आणि प्रश्न मिटला. मात्र आताच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ही सोयच नसते.

मग माझा गुन्हेगार कोण?

सोमवारी सिस्टिमची नोंदवही उघडली. त्यासाठी कमांड आहे ‘जर्नल-सीटीएल’. त्यात ‘सस्पेंड एंट्री’ म्हणजे झोपला आणि ‘सस्पेंड एक्झिट’ म्हणजे उठला. माझ्याकडे या दोन ओळींची रांगच लागली होती! वायरलेस माऊसचा पिटुकला रिसीव्हर पोर्टमध्येच राहिला होता आणि माऊस त्याच सॅकमध्ये. प्रत्येक खड्ड्याला माऊस हलायचा आणि लॅपटॉपला उठवायचा. झाकण बंद असल्याचं लक्षात आलं की तो परत झोपायचा, पुढच्या खड्ड्याला परत जागा. आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांना काय तोटा! उपाय एका सेकंदाचा. रिसीव्हर काढून ठेवायचा.

उघडल्यावर अंधार?

झाकण उघडलं आणि स्क्रीन काळाच, तर लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर सिस्टिम जिवंत आहे, अडलंय ते बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपाशी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकत्र दाबून पाहा. दुसरा लॉगइन दिसला तर काम वाचवता येतं. नंतर ड्रायव्हर आणि कर्नल अपडेट करा. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर बूटच्या वेळी जुना कर्नल निवडून बघा.

सॅकची चेन ओढण्यापूर्वी

● आधी सेव्ह. झोप म्हणजे सेव्ह नव्हे. बॅटरी संपली की मेमरीतलं सगळं गेलं.

● केबल, डाँगल, रिसीव्हर काढा आणि मगच झाकण मिटा.

● अर्धा मिनिट थांबा. पंखा शांत झाला का? दिवा मंद लुकलुकतोय का? शंका आली तर सॅकमध्ये नको. बंद पिशवीतली उष्णता लिथियम बॅटरीचं आयुष्य खाते.

● लांबचा प्रवास असेल तर सरळ शटडाऊन. ‘हायबरनेट’ही उत्तम, पण त्याला डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा लागते आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर ते अनेकदा अडतं.

आता शुक्रवारी खाली कितीही हॉर्न वाजू देत, मी ते अर्धं मिनिट थांबतोच. परवा पुन्हा मुळशीला गेलो, अंताक्षरीत पहिल्यापासून बसलो. पाठ मात्र पूर्ण वेळ गार होती!