चादर उलटून पाहा

सोलापुरी चादरीची उलटी बाजू कोणती, असं विचारलं तर रोज ती पांघरणारा माणूसही क्षणभर अडतो. एका बाजूला गडद जमिनीवर फिकट फूल. उलटलं की फूल गडद, जमीन फिकट. नक्षी दोन्हीकडे पूर्ण. हे फूल तयार कापडावर काढलेलं नसतं, ते कापडाबरोबरच जन्माला येतं. जो रंग इकडे खाली दबतो, तोच तिकडे वर येतो.

फ्रान्समधल्या बाय्यू शहरात याच्या अगदी उलट पद्धतीने घडलेलं एक जगप्रसिद्ध वस्त्र आहे. सुमारे 70 मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशा लिननच्या पट्टीवर रंगीत लोकरीने 1066 सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा भरलेली आहे. त्यात घोडे, गलबतं, मेजवान्या आहेत आणि त्या वर्षी दिसलेला धूमकेतूही आहे. पुढे त्याच धूमकेतूला हॅलीचं नाव मिळालं.

अकराव्या शतकातलं हे भरतकाम मोठं हिशेबी आहे. आकार भरताना लोकरीचे धागे एकमेकांना लागून पसरायचे, त्यांवर थोड्या थोड्या अंतराने आडवे धागे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी धरून ठेवायचे. त्यामुळे जवळजवळ सगळी लोकर दर्शनी बाजूला राहते, मागे फारशी वाया जात नाही.

1982-83 मध्ये अभ्यासकांनी अस्तर काढून या वस्त्राची पाठ तपासली. उजेड न लागल्याने तिथले रंग अधिक ताजे होते. लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग वनस्पतींतून काढलेले. लाल रंग देणारी मॅडर ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. निळा रंग वोड नावाच्या झुडपाचा. पण त्यातलं रंगद्रव्य इंडिगोटिन, म्हणजे भारतीय निळीतलंच.

सुईने भरणारा कारागीर हवा तिथे टाका घालू शकतो. मागावर ती मोकळीक नाही. प्रत्येक आडवा धागा टाकण्यापूर्वी कोणते उभे धागे वर उचलायचे, हे आधी ठरलेलं असावं लागतं. फ्रान्समधल्याच लिऑनच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास हे काम छिद्रांच्या कार्डांवर सोपवलं. कार्डात छिद्र असेल तर त्या जागेची सुई आत जाते आणि तिचा आकडा धागा उचलतो. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्यासाठी एक कार्ड, आणि अशा कार्डांची लांबच लांब माळ. 1839 मध्ये लिऑनलाच खुद्द जकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजने ते मिळवून घरी येणाऱ्यांना कौतुकाने दाखवलं. आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी त्याने हीच कल्पना उचलली होती.

तीच कल्पना सोलापूरच्या पूर्व भागात चादर विणते. शहरात 1877 मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग घरोघर नेले. धोट्याचा खडखडाट, कांड्या भरणाऱ्या बायका, मार्कंडेय महर्षींचा रथोत्सव हे सारं त्या वसाहतीबरोबर वाढलं. पुढे सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

याच शहरात हातमागावर भिंतीवर टांगायची चित्रंही विणली जातात. तिथे रंगीत आडवा धागा हाताने, जिथे हवा तेवढ्याच जागेत गुंफतात. पैठणीच्या पदरावरचा मोरही याच रीतीने उमटतो. या कामाला लागणारी नजर आणि धीर बाय्यूच्या कारागिरांपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि तसा मान त्याला आपल्याकडे मिळायला हवा.

बाय्यूच्या वस्त्राची नोंद तिथल्या कॅथेड्रलच्या 1476 च्या यादीत आहे. आता संगणकावर चालणारी जकार्ड यंत्रं आल्यावर छिद्रांच्या कार्डांची गरज उरत नाही. म्हणून सोलापुरातल्या जुन्या नक्ष्यांचे चौकटीच्या कागदावरचे आराखडे, कार्डांच्या माळा आणि त्या बांधणाऱ्यांची नावं यांची अशीच यादी आत्ताच करायला हवी. ते आराखडे डोळ्यांनी वाचू शकणारे कारागीर त्या यादीला मदत करू शकतील.