राखेची साक्ष

आग विझते, बंब परत जातात, बघ्यांची गर्दी पांगते आणि प्रकरण संपले असे सर्वांस वाटते. वस्तुतः एका अधिक अवघड कामाला तेथूनच आरंभ व्हावयाचा असतो. आग कोठे लागली, कशाने लागली, आणि ती लागली की कोणी लावली, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या काळ्या ढिगाऱ्यातच दडलेली असतात. ती वाचणारा डोळा मात्र जन्मतः कोणालाच लाभत नाही. तो शिक्षणाने घडवावा लागतो.

हे शिक्षण किती निकडीचे आहे, हे जबलपूरकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. भोसल्यांच्या अमलाशी नाते सांगणाऱ्या या नर्मदाकाठच्या नगरीत १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. जेथे स्फोटक द्रव्ये रोज हाताळली जातात, तेथे एका ठिणगीची किंमत सर्वांस ठाऊक असते. परंतु १ ऑगस्ट २०२२ रोजी याच शहरात आठ माणसे आगीत दगावली, ती दारूगोळ्याच्या कोठारात नव्हे, तर एका खाजगी रुग्णालयात. प्रवेशद्वाराशीच आग भडकल्यामुळे आत अडकलेल्यांचा मार्ग रोखला गेला. प्रथमदर्शनी कारण म्हणून शॉर्ट सर्किटचे नाव पुढे आले.

शॉर्ट सर्किट हे दोन शब्द आपल्याकडील आगीच्या वृत्तांत इतक्या वेळा येतात, की ते ऐकताच चौकशी पूर्ण झाली असे मानण्याची सवय जडली आहे. खरे पाहता, खरी चौकशी तेथून पुढे सुरू होते. तारेत ठिणगी उडून आग लागू शकते, हे खरे. परंतु दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीत तारेवरचे आवरण जळून दोन तारा एकमेकींस चिकटतात, आणि तेव्हाही ठिणगी उडते. पहिल्या वेळी ठिणगी हे आगीचे कारण असते, दुसऱ्या वेळी ती आगीचे फळ असते. विजेच्या ठिणगीने तांबे वितळले तर तारेच्या टोकाशी लहानशी गोळी बनते आणि वितळलेला भाग जेमतेम तेवढाच असतो. भोवतालच्या आगीने वितळले तर तार लांबवर पातळ होत ओघळलेली दिसते. हा भेद ओळखल्यावरही आग जेथे प्रथम लागली, त्या जागेशी ती तार जुळते किंवा नाही, हे पाहावेच लागते. हे न करता कारण लिहून टाकले, तर जो दोष खरोखर घातक होता तो तसाच राहतो आणि पुढच्या इमारतीत पुन्हा माणसे मारतो.

अशिक्षित अनुमानाचा याहूनही भयंकर परिणाम अमेरिकेत दिसून आला. टेक्सास राज्यात १९९१ साली एका घराला लागलेल्या आगीत तीन लहान मुली मृत्युमुखी पडल्या. जमिनीवरील डाग आणि तडकलेल्या काचा पाहून अन्वेषकांनी ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावल्याचे सांगितले, आणि मुलींचा पिता कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम दोषी ठरला. २००४ साली त्याला देहान्त शासन झाले. परंतु काचेवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा तापलेल्या काचेवर बंबाचे पाणी पडून ती एकदम निवाल्यानेही पडतात, आणि खोलीतील उष्णता शिगेला पोहोचून सारे सामान एकाच वेळी पेटले, की द्रव ओतल्यासारखे डाग आपोआप उमटतात, हे शास्त्रीय संशोधनाने सिद्ध झाले. पुढे ते पुरावे तपासणाऱ्या नामांकित तज्ज्ञांनी, आग लावली गेली या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नव्हता, असा अभिप्राय दिला. तोवर तो माणूस हयात नव्हता.

अमेरिकेत अन्वेषकांचा संघ १९४९ सालीच स्थापन झाला होता. सभासदांना शिक्षण देणे, त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे आणि या व्यवसायाची बाजू शासनापुढे मांडणे, ही कामे तो करीत आला आहे. १९९२ साली तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाने आगीच्या तपासाचा मार्गदर्शक ग्रंथ काढला. आधी निरीक्षण, मग तर्क, मग त्या तर्काची कसोटी, आणि कसोटीस न उतरल्यास 'कारण अनिश्चित' असे स्पष्ट लिहिण्याचा प्रामाणिकपणा, हे त्याचे सार होय.

आपल्याकडे या विद्येचे पीठ जबलपूरहून फारसे दूर नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले आणि १९५७ साली नागपुरास आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे शिकतात. मध्यप्रदेशाची न्यायसहायक प्रयोगशाळाही १९६४ पासून सागर येथे आहे. परंतु प्रयोगशाळा झाली तरी हाती आलेल्या नमुन्याच्या पलीकडे पाहू शकत नाही. पेट्रोलचा संशय असलेली राख साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, तर वाफ उडून जाते आणि पुरावा वाटेतच नाहीसा होतो. ती हवाबंद डब्यातच हवी. शिवाय जेथे द्रव पडला नसावा, तेथील नमुनाही तुलनेसाठी घ्यावा लागतो. हे ज्ञान ढिगाऱ्यावर प्रथम पाय ठेवणाऱ्या पोलीस शिपायास आणि फायरमनलाही असावयास हवे.

कायद्यानेही आता या दिशेने पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार राहते घर जाळण्याच्या हेतूने आग लावणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली असून तिच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तरतूद कागदावर आली, तरी आगीची भाषा जाणणारा तज्ज्ञ पाच वर्षांत आपोआप निर्माण होत नाही.

मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरातच आहे. जाळपोळीच्या खटल्यात प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार क्वचितच असतो; बहुधा सारा भार परिस्थितिजन्य पुराव्यावर पडतो. याच प्रांतातील एका अधिकाऱ्याच्या, हणमंत गोविंद नरगुंदकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली असे सांगितले, की पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपी निर्दोष असण्यास वाजवी आधार उरू नये. तो खटला आगीचा नव्हता. तरी ती कसोटी आगीच्या खटल्यासही लागू आहे. जळक्या खोलीतून उचललेला एकेक दुवा त्या साखळीत बसवावयाचा, तर उचलणाऱ्याचा हात शिकलेला आणि कोणाच्याही दबावाखाली नसलेला असला पाहिजे.

म्हणून बंबांची संख्या वाढविताना अन्वेषकांची संख्या व त्यांचे शिक्षण विसरून चालणार नाही. बंब आज लागलेली आग विझवितो, अन्वेषक उद्याची आग टाळतो. राख खोटे बोलत नाही. मात्र ऐकणाऱ्यास तिची भाषा येत नसेल, तर तिच्या नावावर कोणीही काहीही सांगू शकतो, आणि त्याची किंमत एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते.