खैराटच्या शाळेतली स्मॉलटॉक

कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचा हा भारतातला पहिला प्रयोग. मेमरी अवघी २५६ एमबी, पण पडदा उन्हातही वाचता येणारा.

त्यात ‘ईटॉइज’ नावाचे सॉफ्टवेअर होते. मुलाने गाडीचे चित्र काढायचे, ‘पुढे जा’, ‘वळ’ असे ठोकळे जोडायचे, की गाडी धावते. त्यामागे होती स्क्वीक, म्हणजे झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ॲलन के आणि डॅन इंगल्स यांच्या गटाने घडवलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेचा १९९६ मधला अवतार.

चाहते या भाषेवर आजही जीव टाकतात, आणि ते योग्यच आहे. खिडक्या, संपादक, कंपायलर, चुका शोधायचे साधन असे सगळे एकाच ‘इमेज’ फाइलमध्ये नांदते. चालू असतानाच कोणताही भाग उघडावा, बदलावा, जतन करावा; उद्या काम तिथूनच पुढे सुरू. भाषेत न मावलेल्या गोष्टींचा गोळा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ती मुळात नसावीच, असे इंगल्स यांनी १९८१ मध्ये लिहिले होते. काही उत्साहींनी ते खरेच करून दाखवले: त्यांची ‘स्क्वीकनॉस’ लिनक्स-विंडोजविना थेट यंत्रावर चालते. एक्सओवर मात्र स्क्वीक लिनक्सच्याच आधाराने चाले.

त्याच लॅपटॉपचे फर्मवेअर फोर्थ या दुसऱ्या आडवाटेच्या भाषेतले होते. शाळाशाळांत पोचलेल्या ‘स्क्रॅच’ या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेची २००७ ची पहिली जाहीर आवृत्तीही स्क्वीकमध्येच लिहिलेली.