लघुप्रशिक्षण विमानांतील शक्तिलोप व सक्तीचे अवतरण : प्रतापगड परिसराच्या संदर्भात

दि. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे सेसना-१५२ हे प्रशिक्षण विमान शेतात आदळले. एकटी प्रशिक्षणार्थी वैमानिक बचावली. इंजिनाची शक्ती घटल्याचे प्राथमिक वृत्त होते. शक्ती गेली म्हणजे विमान दगडासारखे पडते, हा समज चुकीचा आहे. सुमारे ६० नॉट वेग राखल्यास हे विमान ३०० मीटर उंचीवरून, वारा नसताना, अडीच किलोमीटरपर्यंत तरंगत जाते. उड्डाणानंतर लगेच शक्तिलोप झाल्यास धावपट्टीकडे परतण्याचा मोह मात्र घातक ठरतो. मंद वेगातील तीव्र वळणात पंखांची उचल नाहीशी होते. म्हणून समोरचेच शेत निवडावयाचे.

गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. याच जिल्ह्यातील प्रतापगडाभोवती समोरचे शेत म्हणजे जंगलालगतची धानाची बांधी. पावसाळ्यात चिखलात चाक रुतून विमान उलटू शकते. उन्हाळ्यात जमीन कोरडी असली तरी धुरे उभेच असतात. वारा मंद असल्यास त्याची दिशा थोडी सोडूनही धुऱ्याला समांतर उतरणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकास वाटते.